दहापैकी दहा

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला आण्णांचा फोन आला की मी हल्ली "काय म्हणताय?" असं विचारतच नाही. "कुठं बंद पडली?" एवढंच विचारतो.

गाडी बंद पडते. गाडी म्हणजे मोटरसायकल. आमच्या शिराळ्याकडे चारचाकीला फोरव्हीलर म्हणतात, नुसतं गाडी म्हटलं की दुचाकीच. गेल्या दसऱ्याला आण्णांना नवी घेऊन दिली. जुनी सतरा वर्षांची होती, कार्बोरेटरवाली, धूर सोडायची पण चालायची. मीच मागे लागलो की आता इंजेक्शनवाली घ्या, एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आल्यापासून बहुतेक सगळ्या तशाच येतात, सकाळी किक मारत बसायला नको. आण्णा म्हणाले, "हिचं काय वाईट हाय?" मी इंजिनियर, त्यामुळे अर्थातच माझं ऐकलं गेलं.

दिवाळी, उन्हाळा सगळं व्यवस्थित पार पडलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गाडी चालता चालता बंद पडायला लागली. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. बाकी काही लक्षण नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, गाड्या बंद पडतातच. पण त्या महिन्यात आमच्याकडे शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. आण्णा रात्री साडेअकराला मोटर चालू करायला निघायचे. दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि चांदोली जवळ असल्यामुळे आमच्या तालुक्यात उसात बिबट्या असणं ही काही पेपरातली बातमी नाही, शेजाऱ्यांच्या गप्पांतली गोष्ट आहे. अशा ठिकाणी हेडलाईटसकट इंजिन बंद पडल्यावर पासष्ट वर्षांचा माणूस काय करतो? मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो आणि पाच मिनिटं उभा राहतो. हे मला आईने सांगितलं, आण्णांनी नाही.

शोरूम शेजारच्या जिल्ह्यातल्या शहरात, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. (नाव लिहीत नाही. कंपनीचंही नाही. कारण पुढे कळेल.) जून ते ऑगस्ट चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा प्लग बदलला. दुसऱ्यांदा "पेट्रोलमध्ये पाणी आहे काका, हल्ली इथेनॉल असतं ना, ते पाणी ओढतं." इथेनॉल पाणी ओढतं हे खरं आहे, पण ज्या उसाचं ते इथेनॉल त्याच उसाच्या मालकाला हे ऐकवायचं म्हणजे कमाल झाली. तिसऱ्यांदा बॅटरीचं टर्मिनल घट्ट केलं. चौथ्यांदा मी स्वतः सुट्टी टाकून गेलो.

तिथे काउंटरवरच्या मुलाने मशीन लावलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाला, "सर, एकही एरर कोड नाही. गाडी ओके आहे." सर्व्हिस सेंटरसमोरच्या काँक्रीटच्या रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवूनही आणली. ओकेच होती. धुऊन, टायरला पॉलिश मारून परत दिली.

आणि मी गप्प बसलो. कारण हे वाक्य माझं आहे हो! दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटचा माणूस सांगत होता की महिन्यातून एकदा बिलाची स्क्रीन अडकते. मी लॉग पाहिले, काही नव्हतं. "नॉट रिप्रोड्यूसिबल" लिहून तिकीट बंद केलं. त्याने परत उघडलं, मी परत बंद केलं. तिसऱ्यांदा त्याने उघडलंच नाही. मी समजलो प्रश्न सुटला. तो कंटाळला होता.

मग मी मागची जॉबकार्डं मागितली. चारही कार्डांवर ग्राहकाची तक्रार या रकान्यात काय होतं माहितेय? "जनरल चेकअप." "पिकअप कमी." "जनरल चेकअप." "स्टार्टिंग प्रॉब्लेम." "चालताना अचानक बंद पडते" हे वाक्य एकदाही नाही. म्हणजे कागदोपत्री या गाडीला तोच तो बिघाड झालेलाच नाही. चार वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी आल्या, चारही त्याच दिवशी मिटल्या. वर प्रत्येक वेळी दोन दिवसांनी फोन येतो, "काका, सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी किती मार्क द्याल?" आणि आण्णांनी चारही वेळा दहा दिले होते. "पोरगी चांगली बोलत हुती," हे कारण.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण भांडतो ते मेकॅनिकच्या हाताशी, आणि हरतो त्या रकान्यात. तिथे किती कार्डं बंद झाली ते मोजतात. तीच गाडी त्याच कारणासाठी कितव्यांदा आली, हे कोणी मोजत नाही. मोजायचं म्हटलं तरी शब्द वेगळे लिहिलेले असल्यामुळे मोजता येणार नाही.

अमेरिकेत हे मोजण्यावरच कायदा उभा आहे. १९८२ मध्ये कनेक्टिकटने तो पहिल्यांदा केला, त्याला लेमन लॉ म्हणतात. राज्याराज्यांत तपशील वेगळा, पण साधारणपणे नव्या गाडीत तोच मोठा दोष तीन-चार प्रयत्नांत दुरुस्त झाला नाही, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत. आपल्याकडे असा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. ग्राहक संरक्षण कायदा आहे, २०१९ चा, तो चांगलाही आहे. तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे आण्णांना शोरूमच्या जिल्ह्यात जायला नको, सांगली चालेल. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. ऑनलाईनही दाखल होते. पण तिथे सिद्ध काय करणार? चार वेळा "जनरल चेकअप"?

शिवाय न्यायालयांचा कलही बघा. मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचा असतो, अख्खी गाडी नव्हे. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ ची म्हणून २००९ ची कार दिली होती. त्यात २०२१ मध्ये निकाल आला की डीलर स्वतंत्र व्यापारी आहे. त्याने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं दाखवता आलं नाही, तर कंपनी जबाबदार नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण शोरूमवर कंपनीची पाटी, शर्टावर कंपनीचं चिन्ह, आणि भांडायला गेलं की दोघं वेगळे. म्हणून कंपनीला लेखी कळवणं महत्त्वाचं, निदान "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येऊ नये.

असो. बिघाड सापडला तो शिराळ्यात. एसटी स्टँडकडे जाताना एका मेस्त्रींची टपरी आहे, जुनी गाडी तेच बघायचे. आण्णा सहज चहाला थांबले होते. मेस्त्रींनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. विचारलं, "आण्णा, कुठल्या रस्त्याला बंद पडती?"

तीन महिन्यांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मीही नाही.

शेताच्या वाटेला. चिखलात, खड्ड्यात. डांबरी रस्त्याला कधीच नाही. मेस्त्रींनी खाली वाकून साईड स्टँडकडे बोट केलं. नव्या गाड्यांमध्ये तिथे एक स्विच असतो, स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद करतो. त्यात चिखल-पाणी गेलं आणि वर दणका बसला की गाडीला वाटतं स्टँड खाली आहे. ती इमानदारीत इंजिन बंद करते. म्हणूनच एरर कोड नाही! गाडीच्या मते चूक झालेलीच नव्हती, तिने नियमच पाळला होता. लॉगमध्ये तेवढंच दिसतं जेवढं लिहायचं कोणाला तरी सुचलेलं असतं, हे मी ज्युनिअर पोरांना दर महिन्याला सांगतो आणि स्वतः ती स्क्रीन बघून मान डोलावून आलो.

"तुम्हीच बदला की," आण्णा म्हणाले. मेस्त्री म्हणाले, "वॉरंटीत हाय. मी वायरिंगला हात लावला तर उद्या समदं माझ्यावर आणि तुमच्यावर ढकलत्यात. त्यांच्याकडनंच करून घ्या. पण लिहून द्या."

लिहून दिलं. चारही तारखा, किलोमीटर, प्रत्येक वेळी काय केलं ते, आणि कुठल्या प्रकारच्या रस्त्यावर बंद पडते ते. ईमेल शोरूमला, प्रत कंपनीला. पाचव्या फेरीत मी काउंटरवर हट्ट धरला की तक्रारीच्या रकान्यात माझंच वाक्य लिहायचं: "चिखलाच्या रस्त्यावर चालताना इंजिन अचानक बंद पडते, पाचवी वेळ." मुलगा म्हणाला सिस्टीममध्ये एवढं बसत नाही. म्हटलं पेनाने लिहा. लिहिलं, सही घेतली, फोटो काढला. वीस मिनिटांत स्विच बदलून मिळाला. बिल शून्य.

तुमच्याही गाडीचं, फ्रिजचं, कशाचंही असं चाललं असेल तर पहिल्याच फेरीपासून हे करा. स्वतःचे शब्द, प्रत्येक वेळी तेच शब्द, आणि कार्डाचा फोटो. गाडी सोडताना घाई असते, पावसात रेनकोट घालून उभे असतो, माहितेय. तरीही.

त्याला आता तीन आठवडे झाले. गाडी बंद पडलेली नाही. मी मात्र आयोगात जायचं म्हणत होतो, चार फेऱ्यांचं पेट्रोल, बुडालेले दिवस, त्या रात्री. आण्णा नाही म्हणाले. मग मी म्हटलं ठीक, पण निदान तो मार्कांचा फोन आला की खरं सांगा, दोन द्या.

फोन आला तेव्हा मी गावीच होतो, शेजारी बसलो होतो. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि म्हणाले, "धा लिवा."

फोन ठेवल्यावर मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "त्या काउंटरवरच्या पोराचा पगार कापत्यात रे. इस्लामपूरचं हाय ते."

मी सोमवारी हापिसात गेल्यावर ते जुनं तिकीट शोधून उघडलं. क्लायंटच्या त्या माणसाने नोकरी सोडलीय म्हणे.