पेन्शन घेऊन परतलेला शिपाई

१/ महार सैनिकांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावपासून थेट १९४१ च्या महार रेजिमेंटवर येतात. मध्ये एक माणूस हरवतो: पलटणीतली नोकरी संपवून घरी आलेला शिपाई. चळवळीच्या दृष्टीने त्याचे परतणे रणांगणाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे आहे.

२/ गावात महाराचा निर्वाह बलुत्यावर आणि वतनावर. मेलेली गुरे ओढणे, सांगावा पोचवणे, वेसकरकी करणे. मोबदला गावाच्या मर्जीवर. पेन्शन मात्र सरकारी खजिन्यातून, रोख. तिच्यासाठी पाटलापुढे वाकावे लागत नव्हते. शिवाय पलटणीच्या शाळेत अक्षरओळख झालेली. रोख पैसा आणि लेखणी एकाच हाती आल्यावर काय घडते, हे दापोलीत दिसले.

३/ महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि कँप दापोलीत राहिले. तेथे निवृत्त सैनिकांची वस्तीच होती. ‘अनार्य दोषपरिहार’ मंडळी, वृत्तपत्रांतील लेखन, १८८८ चे ‘विटाळ विध्वंसन’ हे सारे या पेन्शनरांच्या जगातून आले. पुढे त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना शेजारी बसणेही जड गेले.

४/ म्हणून ‘सैन्याने समता दिली’ हे विधान अर्धवट वाटते. पलटणीने शिस्त, हुद्दा आणि शिक्षण दिले. दाराबाहेर पडताच त्यांची किंमत शून्य होत असे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर दापोलीस आले, मग साताऱ्यास गेले. १९०१ साली त्यांची मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्थानकावर नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजले. जात कळली आणि त्यांचा चेहराच बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकेना. मुलांनी स्वतः हाकली. रात्रभर पाणी मिळाले नाही. ही हकिकत त्या मुलांपैकी एकाने, भीमरावाने, पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

५/ दरम्यान १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली होती. ही केवळ नोकरीची हानी नव्हती. पुढच्या पिढीतला पेन्शनर, पलटणीची शाळा, गावाबाहेरचे उत्पन्न, सारेच तुटले. वलंगकरांनी भरतीसाठी अर्ज तयार केला आणि त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचे मांडले. वर्णव्यवस्थेवर प्रहार करणाऱ्याला वर्णाचाच दाखला द्यावा लागला! हा दोष त्यांचा मानू नये; सरकारला दुसरी भाषा कळत नव्हती.

६/ १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी भारतमंत्र्यांपर्यंत नेली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११वी महार पलटण उभी राहिली; १९२१ मध्ये ती मोडलीही. गरज संपताच शिपाई पुन्हा वेशीबाहेर.

७/ मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी कोकणातील या निवृत्त सैनिकांची आणि भरतीबंदीची आठवण काढली. चवदार तळ्याकडे मोर्चा निघाला तो दुसऱ्या दिवशी.