सैन्यांतील शुश्रूषक आणि त्याची पदवी

परीक्षांचे निकाल लागले कीं कांहीं पालक आपल्या मुलांस घेऊन आमच्या भेटीस येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, मुलगा सैन्यांत गेला तर त्याचें पुढील शिक्षण होईल काय? आणि झालें, तर त्याचा उपयोग काय?" आजवर आम्ही मोठ्या विश्वासानें उत्तर देत आलों कीं, शिकूं द्या, कोणतीही पदवी वायां जात नाहीं. यंदा मात्र हें उत्तर आम्हांस पुन्हा तपासून पाहणें भाग पडलें. आणि त्यास कारण झाला आमचाच एक जुना विद्यार्थी.

बारावीस विज्ञान विषय घेऊन हा विद्यार्थी लष्कराच्या वैद्यकीय दळांत नर्सिंग असिस्टंट, म्हणजे शुश्रूषक शिपाई, झाला. लखनौच्या केंद्रांत त्याचें शिक्षण झालें. पुढें १७ वर्षें त्यानें लष्करी रुग्णालयांत व सरहद्दीवरील ठाण्यांत जखमा बांधल्या, सलाइन लावलें, हिमदंशानें काळवंडलेलीं बोटें जपलीं. पाळी संपल्यावर रात्रीं अभ्यास करून त्यानें मुक्त विद्यापीठाची बी. ए. व नंतर समाजशास्त्राची एम. ए. पदवी मिळविली. निवृत्तिवेतन घेऊन तो घरीं आला, तेव्हां त्याचें वय ३८ होतें. एका मोठ्या रुग्णालयांत तो नोकरीसाठीं गेला असतां तेथील अधिकाऱ्यानें त्याचीं प्रमाणपत्रें चाळलीं आणि एकच गोष्ट विचारली: "आपला नोंदणी-क्रमांक काय?" तो त्याच्यापाशीं नव्हता. त्यास वॉर्डबॉयची जागा देऊं केली गेली.

"सर," तो आम्हांस म्हणाला, "रक्त थांबविणें मला येतें. पण तें येतें असें लिहून देणारा कागद माझ्यापाशीं नाहीं. आणि जो कागद आहे, त्यानें रक्त थांबत नाहीं." हें ऐकून आमची मान खालीं गेली; कारण तो कागद मिळविण्याचा सल्ला आमचाच होता.

तेव्हां आमची चूक प्रथम कबूल करून मग आमचें मत सांगतों. वैद्यकीय सेवेंत कसब, पदवी आणि नोंदणी या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत. कसब हाताचें, पदवी विद्यापीठाची आणि नोंदणी कायद्याची. पहिल्या दोहोंनीं तिसरी आपोआप मिळत नाहीं. नोंदणीचा नियम निरर्थक आहे असेंही नाहीं. रोग्याच्या अंगास हात लावणारा मनुष्य लायक आहे, याची हमी कोणी तरी दिलीच पाहिजे. परंतु ज्याच्या हातांत कसब आहे, त्यानें ती हमी कोठें व कशी मिळवावी, याचा मार्ग समाजानें दाखविला नाहीं, तर दोष केवळ त्या मनुष्याचा म्हणतां येणार नाहीं.

हीच अडचण अमेरिकेंत साठ वर्षांपूर्वीं उभी राहिली होती. आरमारांत शुश्रूषेचें काम केलेले जवान नोकरी संपवून घरीं येत. अंगीं कसब पुष्कळ, परंतु नागरी रुग्णालयांत त्यास साजेशी जागा नाहीं. दुसरीकडे डॉक्टरांची उणीव भासत होती. नॉर्थ कॅरोलायनांतील ड्यूक विद्यापीठाचे डॉ. यूजीन स्टेड यांनीं या दोन गोष्टींची सांगड घातली. १९६५ सालीं अशा चार माजी आरमारी जवानांस घेऊन त्यांनीं एक नवा शिक्षणक्रम आरंभिला, आणि १९६७ सालीं त्यांपैकीं तिघे उत्तीर्ण झाले. 'फिजिशियन असिस्टंट', म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखालीं रोग्यास तपासून उपचार करणारा साहाय्यक, हा व्यवसाय तेथें याच प्रयोगांतून रुजला.

आज तेथील सैन्यानें स्वतःच असा शिक्षणक्रम टेक्सास प्रांतांत सॅन अँटोनियो येथें चालविला आहे. निवडलेला शिपाई सुमारें अडीच वर्षें शिकून पदव्युत्तर पदवी घेतो आणि अधिकारी होतो. ज्या पदवीधर शिपायास पूर्ण डॉक्टर व्हावयाचें आहे, त्यास बेथेस्डा येथील सैनिकी विद्यापीठ पगार चालू ठेवून दोन वर्षें प्रवेशाची तयारी करूं देतें. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व परवाना असलेल्यास मानसिक आरोग्याच्या सेवेंत अधिकारी होतां येतें. रुग्णालय-व्यवस्थापन जाणणाऱ्यास वैद्यकीय प्रशासनाची शाखा आहे. मात्र यांतील प्रत्येक दार विशिष्ट शिक्षण मागतें. केवळ पदवीधर आहे म्हणून तेथेंही कोणास उपचाराचा अधिकार मिळत नाहीं. रणांगणावर कठीण उपचार केलेला शुश्रूषकही नागरी रुग्णवाहिकेंत आपल्या परवान्यापुरतेंच काम करूं शकतो.

आपल्या देशांतही वाटा अगदींच नाहींत असें नव्हे. नोकरींत असतांनाच योग्य वयांत प्रयत्न केल्यास डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजांतून अधिकारी होतां येतें. वैद्यकीय दळाच्या प्रशासकीय शाखेंतही खालच्या श्रेणींतून अधिकारी निवडले जातात. निवृत्तीपूर्वीं लष्कराच्या पुनर्वसन विभागाचे शिक्षणक्रम असतात. २०२१ सालीं संसदेनें संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्याच्या यादींत फिजिशियन असिस्टंट व आपत्कालीन उपचार-तंत्रज्ञ यांचीं नांवें आहेत. डॉक्टर होण्यासाठींच्या 'नीट' परीक्षेची वयाची कमाल मर्यादाही २०२२ सालीं उठली. तरीही लष्करी शुश्रूषकाचें कसब मोजून, जें उणें असेल तेवढेंच शिकवून त्यास नोंदणी देणारा सरळ पूल आपल्याकडे हवा, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्याच्यावर राष्ट्रानें शिपायांचे प्राण विश्वासानें सोंपविले, त्यास गांवच्या रोग्यासाठीं पुन्हा पहिल्या पायरीवर बसविणें हें न्यायाचें नाहीं आणि काटकसरीचेंही नाहीं.

तो पूल होईपर्यंत सैन्यांत जाणाऱ्या मुलांस आमचें सांगणें असें. पदवी अवश्य घ्या, परंतु शुल्क भरण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. या पदवीनें कोणतें पद मिळतें? त्या पदास नोंदणी लागते काय? लागत असेल, तर नोंदणी करणारी परिषद हा शिक्षणक्रम मान्य करते काय? रोग्याची सेवा पुढेंही करावयाची असेल, तर परिचर्येचा किंवा तंत्रज्ञाचा मान्यताप्राप्त शिक्षणक्रम प्रत्यक्ष हजर राहून करावा लागेल, हें जाणून रजेचा व वयाचा हिशेब आधींच मांडा. व्यवस्थापनाकडे ओढा असेल, तर रुग्णालय-प्रशासन किंवा सार्वजनिक आरोग्य निवडा. तेथें तुमची शिस्त व अनुभव दोन्ही उपयोगीं पडतील. आणि समाजशास्त्र किंवा इतिहास याचीच आवड असेल, तर तोही जरूर शिका; मात्र तो तुम्हांस शहाणें करील, स्पर्धा-परीक्षेस बसण्याची पात्रता देईल, पण वॉर्डाचें दार उघडणार नाहीं, हें मनाशीं पक्कें असूं द्या.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें वॉर्डबॉयची जागा घेतली नाहीं. रुग्णालय-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमास त्यानें नांव घातलें आहे. या वेळीं तिन्ही प्रश्न विचारूनच. मध्यंतरीं एका शनिवारीं त्यानें आमच्या नववीच्या वर्गास वाहतें रक्त कसें थांबवावें याचा पाठ दिला. समोर बसलेल्या मुलांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. तास संपल्यावर तो मुलगा आम्हांस म्हणाला, "सर, मलाही बाबांसारखें व्हावयाचें आहे." आम्हीं त्यास म्हटलें, "अवश्य हो." आणि मग त्यास जवळ बसवून, जें त्याच्या वडिलांस सांगावयाचें राहून गेलें होतें, तें सर्व सांगितलें.