गोल्फ कार्टवर गाणी हवीत, लोंबत्या वायरी नकोत!

गोल्फ कार्ट आता गोल्फच्या मैदानापुरती राहिलेली नाही. रेल्वे स्टेशनवर वयस्कर प्रवाशांना फलाटावरून नेणारी, ताजमहालाच्या परिसरात पर्यटकांची ने-आण करणारी, मोठ्या गृहसंकुलात आजी-आजोबांना फाटकापासून इमारतीपर्यंत पोचवणारी ही बॅटरीवरची उघडी गाडी सर्वांच्या ओळखीची झाली आहे. गाडी आली, की पाठोपाठ गाण्यांची हौसही येते. कोणीतरी दोन स्पीकर आणि एक छोटा ॲम्प्लिफायर आणून तासाभरात जोडून देतो. गाणी सुरू होतात, मंडळी खूश होतात. वायरी मात्र सीटखालून लोंबत राहतात.

मोटारीत वायर गालिच्याखाली, दाराच्या पट्टीआड झाकली जाते. कार्ट चारही बाजूंनी उघडी! चढणाऱ्या मुलाचा पाय किंवा साडीचा पदर लोंबत्या वायरीत अडकायला वेळ लागत नाही. वायर पत्र्याच्या कडेवर महिनोन्‌महिने घासत राहिली, तर तिचे आवरण सोलवटते आणि शॉर्ट सर्किट होते. बहुतेक कार्टमध्ये बॅटऱ्यांचा संच सीटखालीच असतो, म्हणजे ठिणगी उडणार ती नेमकी प्रवाशांच्या बुडाखाली. तेव्हा वायर लपवणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे.

कामाला हात घालण्यापूर्वी चार्जर काढावा, हँडब्रेक लावावा, किल्ली बंद करावी आणि संचाची ऋण टोकाची मुख्य वायर सोडवावी. तरीही प्रत्येक बॅटरीत वीज असतेच, हे विसरू नये. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवाव्यात, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळपास विडी-काडी नको.

आता वीज कुठून घ्यायची? कार्टचा संच साधारणतः ३६ किंवा ४८ व्होल्टचा असतो, तर गाण्यांची यंत्रे १२ व्होल्टवर चालतात. पुष्कळ जण ओळीतल्या एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीला तारा जोडून मोकळे होतात. त्यामुळे ती एकटी बॅटरी जास्त रिकामी होते, चार्जिंगमध्ये मागे पडते आणि तिच्यापायी सगळा संच लवकर म्हातारा होतो. त्यापेक्षा पूर्ण संचावरून वीज घेऊन १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवावा. त्याला वेगळा स्विच द्यावा, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी उतरणार नाही.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवावा. कारण फ्यूज रक्षण करतो ते वायरीचे, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर उघड्यावरच राहते. मोटारीचे साधे पात्याचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. ४८ व्होल्टच्या बाजूला त्याहून वरच्या व्होल्टचा फ्यूज मागून घ्यावा. १२ व्होल्टच्या बाजूलाही एक फ्यूज हवा. ६० वॅटच्या यंत्राला १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर लागतात, या हिशेबाने वायर आणि फ्यूज निवडावेत.

मोटारीत ऋण टोक सांगाड्याला जोडायची पद्धत आहे. विजेच्या कार्टचा सांगाडा मात्र सहसा बॅटरीपासून अलग ठेवलेला असतो. तेव्हा इथे सांगाड्याला तार जोडू नये, धन आणि ऋण अशा दोन्ही वायरी स्वतंत्र न्याव्यात. ॲम्प्लिफायरच्या खालीही प्लायवूडची पट्टी घालावी. धक्केही कमी बसतात.

वायर तांब्याच्या अनेक बारीक तारांची, लवचिक अशी घ्यावी. घरच्या भिंतीतली एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते. रस्ता ठरवताना सीटखालून सांगाड्याच्या खोबणीतून डॅशबोर्डकडे, आणि छतावरच्या स्पीकरसाठी छताच्या पोकळ खांबातून वर, असा विचार करावा. खांब पोकळ नसेल, तर त्याच्या आतल्या अंगाने काळ्या नळीतून वायर न्यावी. जिथे पत्र्याला भोक पाडाल, तिथली कड कानशीने घासून रबरी ग्रोमेट बसवावा. भोक पाडण्यापूर्वी पलीकडे काय आहे ते वाकून पाहावे!

स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची केबल, पेडल आणि तापणारी मोटर यांच्यापासून वायर लांब ठेवावी. मोटरच्या जाड केबलला समांतर नेली, तर गाण्यात शिट्टीसारखा आवाज येतो. अशा केबलला ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडावे.

सगळ्या वायरी चिरलेल्या लवचिक प्लॅस्टिक नळीत घालून दर वीतभर अंतरावर नायलॉनच्या पट्टीने बांधाव्यात. पट्टी आवळताना वायर चेपणार नाही इतपतच ओढावी, आणि उरलेले टोक कापून बोथट करावे. नाहीतर ते हाताला ओरबाडते. सांधे पिळून टेप लावलेले नकोत. टेप उन्हाने सुटते. दाबून बसवायचे टर्मिनल वापरून त्यावर आकुंचन पावणारी नळी चढवावी. स्पीकरपाशी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळावरून गळून जाईल, आत शिरणार नाही.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, पेडल दाबून, सीट उघडून-मिटून पाहावी. कुठे ओढ बसते का ते कळेल. खडबडीत रस्त्यावर फेरी मारून सांधे हाताने चाचपावेत, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावेत. गाडीची हमी चालू असेल, तर विक्रेत्याला आधी विचारलेले बरे.

आणि हो, आवाज बेताचाच ठेवा. ही गाडी मुळात निःशब्द चालते. मागून कोणी हाक मारली किंवा पुढे एखादे पोर धावत आले, तर ते चालकाला ऐकू यायला हवे.