ओझे गरिबाच्या फोनवर

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन तापत, मध्येच अडकून बसत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच पदरी पडे. त्यात ज्यावर नोंदी भरायच्या ते पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होते. आपण सुशिक्षितांनी ती बातमी मानधनाच्या आणखी एका आंदोलनासारखी वाचली आणि पान उलटले. तो आपल्यावरचा आरोप होता, हे आपल्या ध्यानातही आले नाही.

ॲप जड असले की लहान फोन अडकतो, पण ॲपचा सगळा कोड सगळ्यांच्या फोनवर एकदम लादण्याची गरज कधीच संपली आहे. गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड ॲप बंडल आणले, आणि ज्या ऑगस्टमध्ये सेविका फोन परत करत होत्या त्याच महिन्यापासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपना ते सक्तीचे झाले. प्रोसेसर, पडदा आणि भाषा पाहून ज्याच्या फोनला जेवढे लागते तेवढेच स्टोअर पाठवते. पण हे झाले आपोआप मिळणारे. खरी बचत पुढच्या पायरीवर आहे. ॲपचा गाभा वेगळा ठेवायचा, क्वचित लागणारी कामे निरनिराळ्या मॉड्यूलमध्ये बांधायची, आणि माणसाने ते काम उघडले की तेवढाच कोड उतरवून घ्यायचा. यासाठी पहिल्या दिवसापासून विचार करावा लागतो. कशावर काय अवलंबून आहे, कशाशिवाय काय चालेल, हे खणून काढावे लागते. तिथेच टाळाटाळ होते.

लागेल तेवढेच आणायची ही कल्पना तर फार जुनी. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने लागेल तेवढेच पान ड्रमवरून मुख्य स्मृतीत आणायची सोय करून दाखवली. स्मृती महाग होती आणि तिचे पैसे संस्थेला मोजावे लागत होते, म्हणून बुद्धिमान माणसे काटकसर शिकली. आज फोनमधली जागा गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून विकत घेते, म्हणून आपली काटकसर संपली. सॉफ्टवेअर निष्कारण जाडजूड होत चालले आहे, असा इशारा संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच दिला होता. तो आपल्या अभियंत्यांनी परीक्षेपुरताही वाचला नाही.

हिंजवडीच्या वातानुकूलित इमारतीत बसून ॲप लिहिणाऱ्या माझ्या मराठी बांधवांना मी विचारतो, तुम्ही ते कुठल्या फोनवर तपासता? हातातल्या महागड्या फोनवर, कचेरीच्या वायफायवर. तिकडे एखादी बाई ‘स्टोरेज अपुरे आहे’ ही सूचना पाहून आधी व्हॉट्सॲपचे व्हिडिओ पुसते, मग गाणी पुसते, आणि शेवटी नातवाच्या बारशाचे फोटो एकेक करून निवडायला बसते. तिने हा त्याग कशासाठी करायचा? आयुष्यात कधीही न उघडणाऱ्या पाच खिडक्यांच्या कोडसाठी. दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे देऊन आपण मोकळ्या हाताने चालायचे ही वेठ कायद्याने गेली. आपल्या मनातून ती गेलेली नाही.

आणि कशाला थांबवायचे, कशाला आधी आणायचे, हा क्रम पाहा. जाहिरातीचा आणि पाळतीचा कोड कित्येक ॲपमध्ये उघडताक्षणी जागा होतो. त्याला कुणी मागणीची वाट पाहायला लावत नाही. माणसाचे काम मात्र गोल फिरणाऱ्या चकतीमागे ताटकळते. मालकाची गरज पहिल्या पंगतीला, वापरणाऱ्याची दुसऱ्या. ज्या समाजाने पंगतीचा हा भेद शतकानुशतके पाळला, त्याने तो आपल्या यंत्रातही उतरवला आहे.

कुणी म्हणेल, मग सगळेच मागणीनुसार उतरवा. तोही अविचार. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातला शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपल्या पिकाची नोंद करतो, त्यासाठी शेतात उभे राहून फोटो काढतो. त्या बांधावर रेंज नसली आणि असल्या ॲपचा फोटो काढण्याचा भाग तेव्हा उतरायचा असला, तर त्याने काय करावे? जे शिवारात लागते ते गावातच, ॲप बसवतानाच फोनमध्ये आले पाहिजे. जे वर्षातून एकदा लागते त्याने थांबावे. शेत न पाहता हा निवाडा करता येत नाही. भाषेचेही तसेच. दुकानदाराने फोन इंग्रजीवर ठेवून दिला असेल तर ॲप बंडल इंग्रजीच मजकूर उतरवते. ॲपमध्ये ‘मराठी’ निवडणाऱ्यासाठी तो भाग वेगळा मागवण्याची तजवीज करावी लागते, किंवा भाषांचे तुकडे पाडणे बंद ठेवावे लागते. दोन्ही गोष्टी कागदोपत्री स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्या न करणारा अज्ञानी नाही, बेपर्वा आहे.

दोष एकट्या अभियंत्याचा नाही. निविदा काढणारा अधिकारी किती खिडक्या आहेत ते मोजतो, ॲप किती एमबीचे ते विचारत नाही. ‘जुना फोन आहे, नवा घ्या’ असे आईला आणि घरकाम करणाऱ्या बाईला एकाच सुरात सांगणारे आपण सगळे त्यात सामील आहोत. सरकारी ॲपच्या प्रत्येक निविदेत आकाराची मर्यादा लिहा. ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी ते ॲप दोन जीबी रॅमच्या, भरत आलेल्या, रेंज नसलेल्या फोनवर एखाद्या सेविकेच्या हातून चालवून पाहा, आणि ते चालले की नाही हे तिच्याच सहीने कळू द्या.