कबुलीआधी कलम २० सांगा

नववर्षाच्या रात्रीची नाकाबंदी उठली की पुढच्या तारखांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची प्रकरणे न्यायालयात येऊ लागतात. पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वकीलसाहेब, दंड किती?" दहा हजार, असे आपण सांगतो. तो सुटकेचा श्वास टाकतो, गुन्हा कबूल करतो, पैसे भरतो आणि घरी जातो. आपले उत्तर चुकीचे नसते, पण ते अर्धेच असते आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत पुढे पक्षकाराला मोजावी लागते.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की कलम १८५ लागू होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. कलम २०० खाली हा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटत नाही, म्हणून न्यायालय गाठावे लागते. इथवर सगळ्यांना पाठ आहे. विसर पडतो तो कलम २०, पोटकलम २चा. कलम १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने वाहन चालवण्यास किमान सहा महिने अपात्र ठरवलेच पाहिजे, असे ते सांगते. सहा महिन्यांहून कमी करण्याची मुभा त्यात नाही.

मोटारीने ऑफिसला जाणाऱ्या माणसाची यात गैरसोय होईल. पण पिंपळगाव किंवा लासलगावच्या टेम्पोचालकाचे काय? जानेवारीत अपात्र ठरला तर द्राक्षांचा हंगाम गेला, उन्हाळ कांदाही गेला. पोटासाठी त्याने तशीच गाडी काढली, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. कबुलीच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याला हे सांगणारे आपल्याशिवाय कोणीही नसते.

अपघात झालेला असेल, तर कबुली याहून महागात पडते. १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या कलम १५०ने, कलम १८५मध्ये सांगितलेल्या अवस्थेत गाडी चालवणे हा विमा कंपनीला उघडपणे बचाव दिला आहे. फौजदारी न्यायालयातली कबुली अपघात दावा न्यायाधिकरणात कंपनी पुढे करणारच. मग जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम निघाला, तर जप्ती त्याच्या शेतावर येऊ शकते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 'इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस' (२०२१) या निकालात आणखी पुढचे सांगितले आहे : श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी चालक दारूच्या अमलाखाली होता हे कंपनी इतर पुराव्याने सिद्ध करू शकते.

नोकरीचेही तसेच. २००० साली कुंभमेळ्याच्या बंदोबस्तावर जवान नेणारा उत्तर प्रदेशातील पीएसी या सशस्त्र पोलीस दलाचा ट्रकचालक दारू पिऊन गाडी चालवताना सापडला. मोठी हानी झाली नाही हे दयेचे कारण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बजावले. दीर्घ सेवेमुळे बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती मिळाली, एवढेच. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकच्या सरकारी चालकांना हे प्रकरण ऐकवायला हवे.

याचा अर्थ प्रत्येक प्रकरण लढवावे असा नाही. आधी कागद वाचावेत. श्वासचाचणीचे यंत्र केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या प्रकारचे होते का? छापील पट्टीवरची वेळ आणि अटकेची वेळ जुळते का? अटक झाली असल्यास दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली का? रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसली होती का, बाटलीत फ्लोराइड होते का, सील कोणी लावले? नुसता तोंडाचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून दोषसिद्धी होत नाही, हे १९७१च्या बचूभाई करियानी प्रकरणापासून ठरलेले आहे. कागद पक्के असतील, तर कबुली जरूर द्यावी, पण सगळे परिणाम समजून.

नमुन्याबद्दलची शंका उलटतपासात मांडायची असते. मे २०२४मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. 'काहीतरी करता येईल का?' असे विचारणाऱ्या नातेवाइकाला आपल्या ऑफिसात ठाम नकारच मिळाला पाहिजे. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली गाडीखाली सात मजूर मेले, त्या खटल्यात ॲलिस्टर परेराला सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची सजा कायम झाली. रस्त्यावरच्या त्या माणसांनाही कायद्याचे संरक्षण आहे आणि ते आपल्याला आपल्या पक्षकाराइतकेच महत्त्वाचे वाटले पाहिजे.

कबुली देऊन झालेली प्रकरणेही आपल्याकडे येतात. कलम २० खालीच, दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नसले तरी, अपात्रतेचा हुकूम अपील न्यायालय रद्द करू शकते किंवा बदलू शकते. मात्र किमान सहा महिन्यांची अट तिथेही समोर उभी राहील, याची जाणीव ठेवूनच अर्ज लिहावा. परिवहन कार्यालयाने कलम १९ खाली स्वतंत्रपणे लायसन्स रोखले असेल, तर चालकाला म्हणणे मांडण्याची संधी दिली होती का आणि हुकमात कारणे नोंदवली आहेत का, हे पाहावे. त्या हुकमावर अपिलाची मुदत तो हाती पडल्यापासून ३० दिवसांची आहे.