'जरा गरम' म्हणजे किती?

बेळगावच्या फाउंड्रीत भट्टी 'जरा' तापायची असते, निपाणीच्या वखारीत तंबाखू 'जरा' ओलसर असतो. हे 'जरा' गणितात आणलं लोत्फी झादे यांनी, १९६५ मध्ये. पुढे ममदानींनी अशाच फझी नियमांवर वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. आता 'जरा'ची हद्द कुठून कुठवर, हे जेनेटिक अल्गोरिदम शेकडो पर्याय ताडून ठरवतो. ठरवू दे की! पण त्याला आपण फक्त चूक कमी करायला सांगितलेलं असतं. त्या नादात 'जरा गरम' आणि 'गरम' एकमेकांत मिसळले, तर नियम कारागिराला कळणार नाहीत. मग बिघाड कोण शोधणार? म्हणून मित्रांनो, प्रोजेक्ट करताना हद्द किती सरकू द्यायची, हे आधी कारागिराला विचारा. आकडे यंत्राने जुळवावेत. शब्दांचा अर्थ माणसाच्याच हाती राहावा.