हज्जान व्हायचे राहूनच गेले

लहानपणी ठाण्याच्या मशिदीत (बाळांनो, आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत) मी हज्जानकाकांच्या मागे उभा राहून ओठ हलवीत असे. मोठेपणी हज्जानच व्हायचे, एवढे ठरलेले. पण गळा असा, की आई म्हणे, "अरे हळू, शेजारी उठतील!"

जर्मनीत आल्यावर पुन्हा हुक्की आली. नाझी काळानंतर इथेच शिकून हज्जान झालेले पहिले युवाल पोरात, साल २००९. ते आधी आर्किटेक्ट! मग मीच का नको? गेलो. शिकवणाऱ्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, म्हणाले, "घरी म्हणत जा." राग आला, खोटे कशाला सांगू?

त्यात चालींची पंचाईत. माइन्झचे रब्बी महारिल (मृत्यू १४२७) स्वतः नामांकित हज्जान. त्यांचे सांगणे, गावाची चाल बदलू नये. इथे ऐकू येते ती बर्लिनच्या लेवान्डोव्स्कीची, माझ्या तोंडी ठाण्याची.

आता शुक्रवारी घरीच किद्दूश म्हणतो. नात मध्येच थांबवते, "आजोबा, तिथे सूर वर जातो!" आणि म्हणून दाखवते. ठाण्याचीच चाल, अगदी हज्जानकाकांसारखी. मी गप्प बसून ऐकतो.